डोंगर त्यांचे, कोळसा त्यांचा, पुस्तकं कुणाची?

गेले काही महिने रात्री पान सोडून घरी आलो की मी अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशिया भागावरची पुस्तकं वाचतोय. परवा टपरीवर एका मित्रानं विचारलं, "भाऊ, नगर परिषद सोडून तू तिकडं कुठं गेलास?" तिथं दिलेलं उत्तर चहाबरोबर संपलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिणेपासून थेट अलाबामा-मिसिसिपीपर्यंत गेलेला हा डोंगराळ पट्टा. मध्ये केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया. पोटात कोळसा, वर गरीब माणसं. आपल्या वणी-घुग्घुस पट्ट्यातल्या वाचकाला यापेक्षा जास्त ओळख लागू नये.

केंटकीतल्या व्हाइट्सबर्ग या लहानशा गावात हॅरी कॉडिल नावाचा वकील होता. १९६३ मध्ये त्यानं 'नाइट कम्स टू द कम्बरलँड्स' हे पुस्तक लिहिलं. त्यातला जमिनीच्या कागदांचा भाग मी दोनदा वाचला. शेतकऱ्यानं वरची जमीन स्वतःकडे ठेवली आणि खालचं खनिज कंपनीच्या माणसाला लिहून दिलं, कुठे कुठे तर एकरी अर्ध्या डॉलरला. लिहिता न येणाऱ्यांनी कागदावर फुली मारली. तेव्हा खाण म्हणजे भुयार, वरच्या मक्याला धक्का नाही. पुढे मोठी यंत्रं आली आणि त्याच जुन्या कागदाच्या जोरावर शेतं, झाडं ढकलून डोंगर सोलले गेले. कोर्टानंही कंपन्यांचीच बाजू धरली. केंटकीच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून हे रोखलं, ते १९८८ मध्ये! आजोबाच्या फुलीची किंमत नातवानं मोजली.

हे पुस्तक वॉशिंग्टनपर्यंत पोचलं. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन पूर्व केंटकीत आले, एका गरिबाच्या ओसरीवर बसले, फोटो निघाले. मग कॅमेऱ्यांची रांगच लागली. १९६७ मध्ये त्याच लेचर काउंटीत ह्यू ओकॉनर हा कॅनडाचा चित्रपटकार एका भाडेकरू कुटुंबाचं चित्रण करत होता. घरमालकानं येऊन त्याला गोळी घातली. खुनाचं समर्थन कुणी करू नये. पण तिथले बरेच लोक घरमालकाच्या बाजूनं उभे राहिले, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. काही वर्षांपूर्वी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरी एक चॅनेलवाला त्या माउलीला म्हणाला होता, "ताई, जरा त्या पडक्या भिंतीसमोर बसा." ती उठून बसली. कुणी काही बोललं नाही.

कॉडिल स्थानिक होता, तरी पुढे त्याचा तोल गेला. सरकारी योजना फसल्या तेव्हा त्यानं दोष लोकांच्या रक्तालाच दिला, वंशशुद्धीच्या विचारांकडे वळला. म्हणजे माणूस आपल्या गावचा आहे, एवढ्यानं भागत नाही. जे. डी. व्हान्स यांचं २०१६ चं 'हिलबिली एलेजी' गाजलं, तेही मला याच वाटेवरचं वाटलं. घरची गोष्ट खरी, पण तिच्यावरून अख्ख्या मुलखाचा स्वभाव ठरवून टाकायचा. एलिझाबेथ कॅट या इतिहासकार बाईंनी २०१८ मध्ये छोट्या पुस्तकातून त्याला चांगलं सुनावलंय. वेळ कमी असेल तर तेवढंच वाचा.

मला सगळ्यात आवडली ती 'फॉक्सफायर' मालिका. जॉर्जियातल्या रेबन काउंटीत १९६६ मध्ये वर्गात लक्ष न देणाऱ्या पोरांना शिक्षकानं मासिक काढायला लावलं. पोरं म्हाताऱ्यांकडे गेली. लाकडी घर कसं बांधायचं, डुक्कर कापून मांस कसं टिकवायचं, चंद्र-नक्षत्रं बघून पेरणी कशी करायची, मंत्रानं भाजलेलं कसं उतरवतात, गावठी दारूची भट्टी कशी लावतात, सगळं विचारून, फोटो काढून छापलं. १९७२ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि मालिकेच्या लाखो प्रती खपल्या. तो शिक्षक पुढे मुलाच्या लैंगिक शोषणाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, हे लपवायचं कारण नाही. पण पुस्तकांतलं ज्ञान म्हाताऱ्यांचं आहे, आणि कष्ट पोरांचे. त्यात कीव कुठेच नाही. म्हातारी सांगते, पोरगी लिहून घेते, संपलं.

आता आमच्या धंद्याचं. व्हाइट्सबर्गमध्येच 'माउंटन ईगल' नावाचं साप्ताहिक. टॉम आणि पॅट गिश या नवरा-बायकोनं ते १९५६ मध्ये विकत घेतलं. स्थानिक मंडळांच्या बैठकांत काय ठरतं ते छापू लागले, तर त्यांना बैठकीला मज्जाव झाला. पोलिसांवर, खाणवाल्यांवर लिहिलं. १९७४ मध्ये कचेरी जाळली गेली. आग लावायला पैसे देणारा गावचाच पोलिस निघाला. अंक मात्र घरून निघाला, तोही वेळेवर. पेपरच्या नावाखाली 'तो किंचाळतो' अशा अर्थाचं वाक्य असायचं. आगीनंतर त्यात एकच शब्द वाढवला: 'अजूनही'.

मित्रा, म्हणून गेलो होतो तिकडं. नगर परिषद सोडलेली नाही, मंगळवारच्या सभेला मी आहेच.

आणि एक काम आहे. तिफण घडवणारे सुतार, अंबाडीचे दोर वळणारे, खाणीत गेलेल्या गावाच्या गल्ल्या नावानिशी सांगणारी आजी, कुणाच्या घरी असतील तर इनबॉक्समध्ये कळवा. रविवारी वही घेऊन येतो. शाळेतली दोन पोरं सोबत असतील, चहा तीन कप लागेल.