देव्हारा रिकामा कुणी केला?

आपल्या तरुण कार्यकर्त्यांच्या तोंडी हल्ली एक वाक्य वारंवार येते. 'आपल्या आज्या भाबड्या होत्या. आधी विठोबापुढे हात जोडायच्या, मग बाबासाहेबांच्या फोटोपुढे जोडू लागल्या. फरक काय पडला?' हे बोलणारी पोरे हुशार आहेत, वाचणारी आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर दिले पाहिजे. आम्ही ते आमच्या आजीच्या आयुष्यातून देतो.

आजी तिवसा तालुक्यातली. या तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, ज्याला लोक रुक्मिणीचे माहेर म्हणतात. तिथून पंढरपूरला पालखी जाते, कार्तिकात यात्रा भरते. तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरीही याच तालुक्यात. सगळा मुलूखच भजनाचा आणि वारीचा. अशा मुलखात वाढलेली आजी श्रद्धाळू नसती तरच नवल. एकादशी, सोमवार, देव्हाऱ्यातले टाक, मरीमायचा नैवेद्य, सगळे ती मनापासून करायची. दिवसभर निंदण, कापसाची वेचणी, आणि एवढे करूनही उपास. एकदा यात्रेला गेली तेव्हा देवळापासून लांब उभी राहून तिने कळसाला हात जोडले. जवळ जायची सोय नव्हती. ज्या देवासाठी उपाशी राहायचे त्याचे तोंडही पाहायचे नाही, हा कसला हिशेब, असे तिच्या मनात तेव्हाच आले होते, हे तिने आम्हाला पुष्कळ वर्षांनी सांगितले.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. वऱ्हाडात तो आधीच पेटला होता. अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाची चळवळ उभी राहिली, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, तेव्हा आजी कडेवरची पोर होती. आणि हाच प्रश्न खुद्द बाबासाहेबांच्या घरातही होता. माता रमाई श्रद्धाळू होत्या, उपासतापास करायच्या, पंढरपूरला जाण्याची त्यांची फार इच्छा होती. जो देव भक्ताला बाहेर उभे करतो त्याच्या दारी जायचे नाही, आपण दुसरे पंढरपूर उभे करू, असे बाबासाहेबांनी त्यांना समजावले. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. दुसरे पंढरपूर उभे राहायला आणखी २१ वर्षे लागली. रमाईंना ते पाहता आले नाही. आमच्या आजीला पाहता आले.

१९५६ च्या ऑक्टोबरात गावातली माणसे नागपूरला निघाली. चांदूर रेल्वेपर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी. आजीने पांढरे लुगडे उसने आणले होते. १४ ऑक्टोबरला त्या लाखोंच्या गर्दीत उभे राहून तिने बावीस प्रतिज्ञा घेतल्या. परत आल्यावर आजोबा पारावर बसून दीक्षेच्या गोष्टी सांगू लागले. आजीने मात्र घरात शिरताच देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि दुसऱ्या दिवशी नदीत सोडून आली. आमचे म्हणणे इथेच आहे. धम्मदीक्षा मैदानावर झाली, पण घरातले धर्मांतर बायांनी केले. उपास त्यांचे होते, नैवेद्य त्यांचे होते, सणावाराचे चार आनंदाचे क्षणही त्यांचेच होते. पुरुषांना टाकावे लागले त्याहून किती तरी जास्त बायांना टाकावे लागले.

टाकले ते निभावणे आणखी अवघड. दीक्षेनंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात धाकट्या काकांच्या अंगावर देवी उठल्या. रोगाचे नावच देवी, तेव्हा औषध काय असणार? आजीची सासू म्हणाली, 'देव बुडवले, आता मरीमाय सोडते का?' शेजारपाजारच्या बायाही सांगायला आल्या. नैवेद्य दाखव, कोंबडे कबूल कर, कुणाला कळणार आहे? आजी रात्रंदिवस पोराजवळ बसून राहिली. उकळलेले पाणी पाजले, अंगाखालचे कापड रोज धुतले, बाकीच्या पोरांना लस टोचून आणली. मरीमायकडे गेली नाही. काका वाचले, चेहऱ्यावर व्रण राहिले. मोठेपणी आम्ही तिला विचारले, काका गेले असते तर? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'तरी मी तिकडे गेली नसती. बाबाले शब्द देल्ला होता.'

ज्यांना ही भाबडी बाई वाटते, त्यांनी आपल्या लेकराच्या उशाशी बसून एवढे करून दाखवावे.

आता फोटोचे बोलू. आजीच्या घरात बुद्धाची तसबीर होती, बाजूला बाबासाहेब आणि रमाई. संध्याकाळी मेणबत्ती लावून ती त्रिशरण, पंचशील म्हणायची. पण त्या फोटोपुढे तिने कधी नवस केला नाही. पीक येऊ दे, पोरीचे लग्न जमू दे, पोराला नोकरी लागू दे, असे काही मागितले नाही. मागितले की सौदा झाला, आणि सौदा तर जुन्या देवांशी पिढ्यान्‌पिढ्या करून झाला होता. 'बाबानं देल्लं हाये, आता आपून कराचं हाये,' एवढेच तिचे म्हणणे. फरक काय पडला, याचे उत्तर हे आहे. बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे आज कुणी नवस बोलत असेल, तर तरुणांनी त्याच्यावर जरूर टीका करावी, आम्ही सोबत आहोत. पण ती टीका आजीच्या मेणबत्तीवर नको.

या श्रद्धेची किंमतही तिने मोजली. वडिलांचे नाव शाळेत घालताना जाणत्या माणसांनी सल्ला दिला, जुनीच जात लिहा, सवलत राहील. आजी म्हणाली, 'जे हाये थेच लिवा.' दाखल्यावर बौद्ध लागले. महाराष्ट्राने १९६० साली बौद्धांना राज्यातल्या सवलती दिल्या, पण केंद्रात त्या मिळायला १९९० साल उजाडले. त्या मधल्या काळात वडिलांना केंद्राच्या राखीव जागेवर अर्ज करता आला नाही. घरात ओढाताण झाली. आजीने आपला शब्द मागे घेतला नाही. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सुमारे २८ लाख लोकांनी स्वतःला बौद्ध म्हणून नोंदवले. त्या आकड्यामागे अशा किती बाया ठामपणे उभ्या राहिल्या असतील, याचा विचार करा.

वस्तीतले विहारही असेच झाले. मजुरीच्या ज्वारीतली एक मूठ रोज वेगळ्या डब्यात जायची. घरोघरच्या अशा मुठींतून भिंती उभ्या राहिल्या, पत्रे आले. वर्षावासात तिथे बाबासाहेबांचा धम्मग्रंथ वाचला जायचा. आजीला अक्षर येत नव्हते, म्हणून घरी ती आम्हा नातवंडांकडून पुन्हा वाचून घ्यायची. आम्ही ओळ गाळली तर तिला कळायचे. सिद्धार्थ यशोधरेचा निरोप घेतो ते पान तिने किती वेळा वाचायला लावले असेल. यशोधरा स्वतःला सावरून त्याला जायला सांगते, तिथे आजी दरवेळी म्हणायची, 'पाय, बाई कशी असते ते.'

ऐंशी ओलांडून आजी गेली. तिचे नाव कुठल्या स्मरणिकेत नाही. चळवळीतल्या बायांची नावे अशीच राहून जातात. २० जुलै १९४२ ला नागपुरात झालेल्या महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे अमरावतीच्या, हे अमरावतीच्या किती तरुणांना माहीत आहे? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या बायांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले ते १९८९ साली. त्यातल्या बऱ्याच जणी आज नाहीत. दीक्षाभूमीवर १९५६ साली उभ्या राहिलेल्या ज्या थोड्या जणी उरल्या असतील, त्या आता नव्वदीच्या आसपास आहेत.

म्हणून तरुण मित्रांनो, मैत्रिणींनो, भाबडी म्हणण्याआधी आजीजवळ बसा. मोबाईल हातात आहेच, तिचा आवाज टिपून घ्या. तिच्या घरातले देव कुणी काढले, कधी काढले, त्या रात्री तिला भीती वाटली होती का, एवढे तीन प्रश्न विचारा. तिची उत्तरे ऐकल्यावर श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांवर आपण पुन्हा वाद घालू.

जयभीम!