महाप्यातली करवत आणि दहा बोटं

कोपरखैरणे स्टेशनला उतरायचं, रिक्षावाल्याला 'मिलेनियम' एवढंच सांगायचं. ठाणे-बेलापूर रोड ओलांडला की काचेच्या बिल्डिंगा, गळ्यात आयडी कार्ड अडकवलेली जनता आणि मागे पारसिकचा डोंगर. आपल्यासाठी महापे म्हणजे एवढंच! पण एमआयडीसीच्या टीटीसी पट्ट्यातलं हे गाव आयटीच्या खूप आधीपासून कामाला लागलंय. लंच अवरमध्ये मागच्या गल्लीत शिरून बघा. कीबोर्डची टकटक संपते, लेथची घरघर सुरू होते आणि नाकात शिरतो लाकडाच्या भुशाचा वास.

मी तिथे गेले ती एका मित्रामुळे. हा दिवसभर कोड लिहितो, ऐरोलीत नवा फ्लॅट घेतलाय आणि डोक्यात एकच किडा: बुकशेल्फ स्वतःच बनवायचं. त्यासाठी पठ्ठ्याने 4 इंची मार्बल कटर आणलं होतं, त्यालाच लाकडाचं ब्लेड लावणार होता. 'सगळे सुतार तेच तर वापरतात!' खरंय. म्हणून पॅकिंगच्या पेट्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये शिरलो आणि तिथल्या मिस्त्रीकाकांनाच विचारलं. काकांनी डावा हात पुढे केला. अंगठ्याशेजारचं बोट अर्ध्यावर संपलेलं. 'मार्बल कटर,' एवढंच म्हणाले.

कारण सिंपल आहे. मार्बल कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे मारतं आणि त्याचं ब्लेड खालून उघडंच असतं. सर्क्युलर सॉ साधारण पाच-सहा हजार फेऱ्यांवर चालते आणि तिला खाली सरकतं गार्ड असतं. कापताना ते मागे जातं, लाकूड संपलं की ब्लेडवर आपोआप परत येतं. त्यामुळे दुकानात पहिली टेस्ट हीच. प्लग काढून ठेवा, गार्ड मागे ओढा, सोडा. 'खट्' करून झाकलं गेलं? मग पुढचं बोला.

पुढचं म्हणजे साइज. सव्वासात इंची ब्लेड 60 मिलिमीटरच्या वर खोल कापतं. आपलं घरचं प्लाय 18 मिलिमीटरचं. त्यामुळे हाताला जड वाटत असेल तर 5 इंची मशीनही भागवते. ब्लेडचे दात मोजा: 24 दाती झटपट पण खडबडीत, 40 दाती सगळ्या कामांना, लॅमिनेटसाठी 60 दाती. मोठं मशीन 1400 वॉटचं असलं तर सहा अँपिअर खेचतं, तेव्हा मोबाइल चार्जरच्या सॉकेटला लावू नका. गीझरचं 16 अँपिअरचं शोधा.

'आता हे बघा मॅडम,' म्हणत काकांनी एक फळी पालथी घातली. ब्लेड खालून वर कापतं, म्हणून चिरफाळ्या वरच्या बाजूला निघतात. चांगली बाजू खाली! ब्लेड फळीच्या खाली एका दाताएवढंच बाहेर ठेवायचं. फळी कापाजवळ मिटली की मशीन उलटं अंगावर येतं, म्हणून दोन्ही बाजूंना टेकू हवा. गॉगल आणि मास्क लावा, हातमोजे आणि सैल बाही नको.

गंमत म्हणजे या मशीनची गोष्ट उसापासून सुरू होते. 1920च्या दशकात अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड मिशेलने ऊसतोडीचं काम सोपं करायला कोयत्याला मोटर जोडायचा प्रयत्न केला. त्यातूनच लाकूड कापणारी 'स्किलसॉ' आली. आपल्याकडे ऊस अजून बराचसा हातानेच तुटतो, ते सोडा!

मित्राने मार्बल कटर परत केलं आणि मशिदीजवळच्या नागदेवी स्ट्रीटवरून गार्डवाली सॉ आणली. फुल शीट आठ बाय चार फुटांची, लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून मोठे काप दुकानातच करून घेतले. उरलेलं काम रविवारी अकरानंतर, शेजाऱ्यांना सांगून.

शेल्फ झालं. डावीकडे जरा झुकलंय. फोटो काकांना दाखवला, तर त्यांनी शेल्फकडे नंतर बघितलं, आधी मित्राचे हात बघितले. 'वाकडं चालतं हो,' म्हणाले, 'दहा आहेत ना?'