टाकी फुल, डोकं कूल!

गोव्याहून परतताना पत्रादेवीची हद्द ओलांडण्याआधी टाकी फुल करायची, हा तुमच्या-आमच्या घरातला जुना फंडा. अलीकडे पेट्रोल स्वस्त, पलीकडे महाग. तीन-चारशे रुपये वाचल्याचा आनंद थेट कणकवलीपर्यंत पुरतो.

२०२३च्या जूनमध्ये आम्ही चौघं म्युनिकहून भाड्याच्या गाडीने निघालो, तेव्हा माझ्या डोक्यात हाच फंडा फिट्ट बसला होता. फक्त इथे देश चार होते. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड आणि परत. स्टिअरिंगवर म्युनिकमध्ये नोकरी करणारा मित्र, लायसन्सही तिथलंच. शेजारी त्याची बायको, मागे माझी इंजिनिअर मैत्रीण आणि मी. मी ट्रिपची खजिनदार. युरो तेव्हा नव्वदच्या आसपास होता, त्यामुळे खजिनदार जरा जास्तच कडक होती!

सुरुवात तर झकास झाली. जर्मनीत पंपावरचे दर दिवसातून कितीतरी वेळा बदलत होते. सकाळी चढे, संध्याकाळी जरा उतरलेले. २०१३ पासून तिथल्या पंपांना दर बदलला की तो लगेच सरकारी यंत्रणेला कळवावा लागतो आणि तेच आकडे मोबाईलच्या अॅपवर दिसतात. मग काय, आदल्या संध्याकाळी शहरातलाच स्वस्त पंप गाठला आणि टाकी फुल केली. ऑटोबानवरच्या पंपांवर हेच पेट्रोल बरंच महाग असतं. सकाळी, टायर थंड असताना, हवा तपासली. सामान सगळं डिकीत, टपावर काही नाही. मित्राला ताशी १३०ऐवजी ११०वर राहायला लावलं. वेग वाढला की वाऱ्याचा विरोध त्याहून जास्त वाढतो आणि अॅव्हरेज धाडकन पडतं.

ऑस्ट्रियात मात्र माझा प्लॅन फसला. तिथे तेव्हा नियम असा होता की पंपवाल्याने दर कमी कधीही करावा, पण वाढवायचा तो दिवसातून एकदाच, दुपारी बाराला. म्हणजे बाराच्या आत पोहोचलात तर जिंकलात. आम्ही इन्सब्रुकला पोहोचलो बारा वीसला. बोर्डावरचा वाढलेला आकडा बघून मी फर्मान काढलं, ‘इथे नको. आता थेट लिविन्योला!’

लिविन्यो हे इटलीतलं डोंगरात लपलेलं गाव. समुद्रसपाटीपासून १८०० मीटरवर. जुन्या काळापासून तिथे करांची सवलत आहे, त्यामुळे अत्तर, चॉकलेट आणि अर्थातच पेट्रोल स्वस्त. इटलीतल्या बाकी पंपांपेक्षा लिटरमागे चाळीसेक सेंट कमी! एवढं ऐकल्यावर मधले पंप मला दिसेनासेच झाले.

दोन दिवस बोल्झानोच्या आसपास डोलोमाइट्समध्ये भटकलो. निघताना डॅशबोर्डवरचा आकडा सांगत होता, २१० किलोमीटर बाकी. लिविन्यो साधारण १७०. ‘भरून घेऊ या का थोडं?’ मित्राने विचारलं. ‘चाळीस किलोमीटर हातात आहेत की!’ मी म्हटलं.

कागदावर गणित बरोबर होतं. पण रस्ता कागदावर नव्हता, तो स्टेल्वियो पासवर होता. २७५७ मीटर उंच. प्राटोच्या बाजूने चढायला ४८ हेअरपिन वळणं. आपला वरंधा घाट एकावर एक रचत न्यावा, तसं काहीसं. खाली सफरचंदाच्या बागा, वर बर्फ. आम्ही फोटो काढत होतो आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पेट्रोल पीत होती. माथ्यावर पोहोचलो, तेव्हा आकडा होता ६०. लिविन्यो अजून ५८ किलोमीटर, आणि मध्ये फोस्कान्यो नावाचा आणखी एक २२९१ मीटरचा घाट!

सगळे गप्प. मग मित्र म्हणाला, ‘टेन्शन नको, आता उतार आहे. न्यूट्रलमध्ये सोडतो.’

आपल्याकडचा हा दुसरा फंडा. खंबाटकी असो की ताम्हिणी, ‘उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं’ म्हणत गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा एक तरी काका प्रत्येकाला माहीत असतो. त्यामुळे कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. गाडी सुसाट निघाली. आता वेग आवरायचा तो फक्त ब्रेकने. पाच-सहा वळणं झाली आणि काहीतरी जळल्याचा वास यायला लागला. पुढच्या वळणावर सायकलवाल्यांचा घोळका होता. मित्राने ब्रेक दाबला, पण पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. गाडी थांबली, पण जरा उशिरा. सायकलवाल्याने मागे वळून आमच्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही.

रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत अर्धा तास उभे राहिलो, ब्रेक निवेपर्यंत. तिथे इंजिनिअर मैत्रिणीने आमची शाळा घेतली. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाचं पेट्रोल बंदच करतात. चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे आम्ही पेट्रोलही वाचवत नव्हतो आणि ब्रेकही जाळत होतो! पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर इतके अपघात का होतात, ते मला इटलीत कळलं.

मग दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश, बोर्मियोला उतरलो आणि मुकाट पंपावर गेलो. घाईत माझा हात ‘गासोलियो’ लिहिलेल्या नळीकडे गेला. मैत्रीण ओरडली म्हणून वाचलो. इटालियनमध्ये गासोलियो म्हणजे डिझेल, पेट्रोल म्हणजे ‘बेन्झिना’! महागातलं दहा लिटर पेट्रोल भरलं, तेही सेल्फ सर्व्हिसच्या नळीवर. माणसाने येऊन भरून दिलं की इटलीत दर आणखी चढतो.

संध्याकाळी लिविन्योत टाकी फुल केली. पस्तीस लिटर, चौदा युरोंची बचत. चौघांत वाटली तर माणशी साडेतीन युरो. एका कॅपुचिनोचे! एवढ्यासाठी मी चौघांना आणि त्या सायकलवाल्यांना पणाला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुंट ला स्केरा या एकेरी बोगद्याचा टोल भरून स्वित्झर्लंडमध्ये शिरलो. तिथे पेट्रोल भरायची गरजच पडली नाही. स्वस्तातली टाकी, निवांत वेग आणि प्रत्येक उतारावर गिअर. एक पैसाही वाया गेला नाही, आणि कुणाच्या पोटात गोळाही आला नाही.

तुम्हीही निघताय?

- स्वस्त पंप पुढे आहे म्हणून टाकी रिकामी करत जाऊ नका. पाव टाकी उरली की मिळेल तिथे दहा लिटर भरा. ऑटोबानवर पेट्रोल संपून थांबलात, तर धोका आहेच, वर दंडही होतो.
- डॅशबोर्डवरचं ‘किती किलोमीटर बाकी’ हा मागच्या रस्त्यावरून काढलेला अंदाज असतो. त्याला पुढचा घाट दिसत नाही.
- नाव वाचू नका, खूण बघा. युरोपात २०१८ पासून पेट्रोलची खूण गोलात (ई५, ई१०) आणि डिझेलची चौकोनात (बी७) असते. टाकीच्या झाकणाआडची खूण आधी बघून ठेवा.
- भाड्याची गाडी कोणकोणत्या देशांत न्यायची, ते आधीच कंपनीला विचारा. ऑस्ट्रियाच्या हायवेचं स्टिकर घ्या. ब्रेनर मार्गाचा टोल त्यात धरलेला नाही.
- आणि ट्रिपच्या खजिनदाराला इंजिनिअरच्या शेजारी बसवा!