लाडबोरीची रिंग आणि तान्ह्या पोळ्याचा उपग्रह



गेल्या श्रावणात धानाच्या कामासाठी सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात जाण्याचा योग आला. गडचिरोली सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा लागतो. मग व्याहाड, सावली, मूल आणि मूलवरून वर सिंदेवाही. हा रस्ता मी तीस वर्षांत किती वेळा केला याची गणती नाही. पण रोवणी आटोपल्यानंतरच्या दिवसांत तो दर वेळी नवा वाटतो. दोन्ही अंगांना पाण्याने भरलेल्या हिरव्या बांध्या, मध्येच एखादी बोडी आणि पलीकडे जंगल. केंद्रातले काम दुपारी संपले. हाताशी वेळ होता, म्हणून वाट वाकडी करून लाडबोरीला गेलो.

लाडबोरीचे नाव तुम्ही २०२२ साली ऐकले असेल. त्या वर्षी २ एप्रिलला गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळते गोळे एकामागोमाग सरकत गेले. विदर्भातच नव्हे, तर मध्य प्रदेशातही लोकांनी ते पाहिले. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान. त्याच वेळी लाडबोरीच्या मोकळ्या जागेत धातूची एक मोठी रिंग येऊन पडली. रुंदी सुमारे तीन मीटर, म्हणजे बैलगाडीच्या चाकाच्या दुपटीएवढी! नंतर त्याच तालुक्यात पवनपारकडे धातूचा एक गोळाही सापडला. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. अभ्यासकांचा अंदाज असा की, चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चांग झेंग ३बी या रॉकेटचा तो उरलेला भाग होता. वर्षभर पृथ्वीभोवती फिरून तो खाली आला. कोणाला इजा झाली नाही, हे आपले नशीब.

आता तिथे पाहण्यासारखे काही नाही. रिंग केव्हाच हलवली आहे. पारावर बसलेल्या एका आजोबांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "सायेब, आमाले वाटलं इमानच पडलं. मंग समजलं का भंगार होय. आता भंगार बी आकाशातून याले लागलं!"

परतीच्या वाटेवर तो 'भंगार' शब्द माझ्या डोक्यातून जाईना. कारण भंगारातून केलेल्या एका रॉकेटची गोष्ट मी बरीच वर्षे मनात बाळगून आहे. आज ती तुम्हाला सांगतो. ती सांगायला मला संकोच वाटतो, पण तुमच्या घरातल्या मुलांसाठी ती सांगितलीच पाहिजे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. धानोरा तालुक्यातल्या एका गावी मी खोडकिड्यावरच्या फवारणीचे प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. औषध किती घ्यायचे, पंप कसा धरायचा, तोंडाला फडके कसे बांधायचे, सगळे नीट सांगितले. प्रात्यक्षिक संपले, चहा झाला आणि मी निघालो. औषधाची रिकामी बाटली धुऱ्यावरच राहिली. ती उचलणे माझे काम होते.

त्या घरच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने ती उचलली. शाळेसाठी त्याला रॉकेट करायचे होते. लांबट, पांढरी, वर निमुळती होत गेलेली बाटली. रॉकेटला याहून चांगले काय मिळणार? त्याने तिला पुठ्ठ्याचे पंख लावले, शेपटाला तणसाचा झुबका बांधला. मग रॉकेटचा आवाज काढण्यासाठी तोंड लावून बाटलीत फुंकर मारली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, तोंडाला लाळ सुटली. वडिलांनी रात्री मोटारसायकलवर दवाखान्यात नेले. बाटली सोबत नेण्याची अक्कल आईने दाखवली, त्यामुळे डॉक्टरांना औषधाचे नाव लगेच कळले. पोर वाचले.

मला तिसऱ्या दिवशी कळले. मी भेटायला गेलो. आई रागावली नाही, रडलीही नाही. पाण्याचा गडवा समोर ठेवून एवढेच म्हणाली, "सायेब, शिशी तुमचीच होती." मला उत्तर देता आले नाही. आजही नाही.

म्हणून आधी हे लक्षात ठेवा. औषधाच्या बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी. मग पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम. पण मुलांच्या हाती चारही रंग नकोत. बाटली रिकामी झाली की तिच्यात पाव भाग पाणी घालून बूच लावून खळखळवा आणि ते पाणी पंपातच ओता. असे तीन वेळा करा. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे ती कोणी तेलाला किंवा पाण्याला वापरणार नाही. धुतलेली बाटलीसुद्धा खेळण्याच्या कामाची नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. मोठ्या माणसाचे असे होते, तर लेकराचे काय?

आणखी एक. लाडबोरीसारखी एखादी अनोळखी वस्तू शेतात किंवा जंगलात दिसली, डबा असो, वायर असो की धातूचा तुकडा, तर हात लावू नका. पोलीस पाटलाला सांगा. आपल्या जंगलात हा नियम मुलांना पाठच असला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, मग मुलांनी करायचे काय? मुलांचे हात बांधून ठेवणे हा काही उपाय नव्हे. घरात निर्धोक अडगळ भरपूर असते. अरविंद गुप्ता यांनी आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर देशभरच्या मुलांना विज्ञान शिकवले. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कित्येक वर्षे हेच काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे तर याखेरीज बांबू आहे, करवंटी आहे, तणस आहे, धावड्याचा डिंक आहे. तीन गोष्टी सांगतो. पैसा लागत नाही.

पहिली, पांदणीवरची सूर्यमाला. वीतभर रुंदीचा भोपळा घ्या, तो सूर्य. मग पृथ्वी होईल मोहरीच्या दाण्याएवढी. भोपळा पांदणीच्या तोंडाशी ठेवा आणि अडीच फुटांचे एक पाऊल धरून मुलांना चालायला लावा. बाराव्या पावलावर बुध, खसखशीचा दाणा. बाविसाव्यावर शुक्र, पुन्हा मोहरी. एकतिसाव्यावर आपली पृथ्वी. सत्तेचाळिसाव्यावर मंगळ, राजगिऱ्याचा दाणा. मग मुलांना वाटते, संपले. पण गुरू एकशे साठाव्या पावलावर आहे आणि तो लहान आवळ्याएवढा. शनी बोराएवढा, तीनशेला सात पावले कमी. त्याला लग्नपत्रिकेच्या कागदाचे कडे घाला. नेपच्यून तर सव्वानऊशे पावलांवर, बहुधा शेजारच्या गावच्या शिवारात! दाणे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर डिंकाने चिकटवून बांबूच्या कमचीला बांधले म्हणजे हरवत नाहीत. या मापात चंद्र मोहरीपासून तीन-चार बोटांवर येतो. एवढ्याशा अंतरासाठी चंद्रयान-३ ला चाळीस दिवस लागले, हे सांगितले की मुले मोहरीकडे वाकून पाहतात.

दुसरी, डब्यातले आकाश. पत्र्याचा रिकामा डबा घ्या, गोड्या तेलाचा किंवा चहाचा. कडा बोथट करून घ्या. हे काम मोठ्यांचे. कागदावर तारे जसे दिसतात तसे ठिपके काढा, तो कागद उलटा करून डब्याच्या तळाला बाहेरून चिकटवा आणि खिळ्याने भोके पाडा. कागद उलटा केला नाही तर भिंतीवर चित्र उलटे येते. अंधाऱ्या खोलीत डब्यात बॅटरी लावा, भिंतीवर तारे उमटतील.

कोणते तारे काढायचे? घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. सप्तर्षींतल्या चार ताऱ्यांची खाट आणि तिच्यामागचे तीन चोर, ही गोष्ट आपल्या भागात गोंड आजी सांगते तशी मराठी आजीही सांगते. मृगातल्या ताऱ्यांत गोंड लोक नांगर पाहतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी यांनी गोंडांच्या या आकाशज्ञानाचा अभ्यास करून तो २०१३ साली छापला. बघा, जे शास्त्रज्ञ गावोगाव विचारत फिरले, ते आपल्या घरात आजीच्या तोंडी आहे. मुलाने विचारले नाही तर ते तिच्याबरोबर जाईल.

आणि मुलगा विचारेल की, मृग नक्षत्र तर जूनमध्ये लागते, मग तेव्हा हा नांगर का दिसत नाही? त्याला सांगा, मृग लागला म्हणजे सूर्यच त्या ताऱ्यांपाशी आला. सूर्याच्या उजेडात तारे कसे दिसणार? ते दिसतात हिवाळ्यात, धानाची मळणी होऊन आपण शेकोटीशी बसतो तेव्हा. वर्षाला सत्तावीस नक्षत्रे, म्हणून एकेकात सूर्य साडेतेरा दिवस. आपले आजे याच हिशेबाने पऱ्हे टाकत. आज ढगांची चित्रे उपग्रह पाठवतो आणि पावसाचा अंदाज मोबाईलवर येतो. दोन्ही माहीत असलेले बरे.

तिसरी, चंद्रावरची गाडी. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी आपले विक्रम यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरले आणि त्यातून प्रज्ञान ही सहा चाकांची गाडी बाहेर आली. वजन सव्वीस किलो, युरियाच्या पोत्याहून कितीतरी कमी. तिच्यासाठी एक मोठी आगपेटी घ्या. रिकाम्या पेनच्या नळीचे तीन तुकडे तिच्या तळाला आडवे चिकटवा. प्रत्येकातून बांबूची काडी ओवा, टोकांना बाटलीची झाकणे बसवा. काडी नळीत सैल फिरली पाहिजे, हीच यातली खुबी. वर बिस्किटाच्या पुड्याचा चमकता कागद लावला की सूर्यपत्रा झाला. चिकटवायला डिंक किंवा भाताची खळ पुरे.

पण आम्हा शेतकऱ्यांना सगळ्यात जवळचा उपग्रह निराळाच. १९८१ साली इस्रोने ॲपल नावाचा उपग्रह चाचणीसाठी चक्क बैलगाडीवर ठेवला होता. धातूच्या वाहनामुळे अँटेनाच्या चाचणीत अडथळा येत होता, लाकडी गाडीने तो येईना. पुढे १९ जून १९८१ ला तो आकाशात गेला. बैलगाडीत बसून गेलेला उपग्रह! हे चित्र मी त्या धानोऱ्याकडच्या गावातल्या मुलांना दाखवले होते.

लाडबोरीहून आल्यावर पंधरवड्याने पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुद्दाम त्याच गावी गेलो. मुले लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा मागत फिरत होती. कोणाच्या नंदीला पाठीवर झूल, कोणाच्या शिंगांना बेगड. एका मुलाने बांबूच्या कमचीचे मोठे कडे करून त्यावर चांदीचा कागद गुंडाळला होता. "काय रे हे?" विचारले तर म्हणाला, "लाडबोरीची रिंग." आणि सगळ्यांच्या मागे एक लहान मुलगी. तिच्या नंदीला जुंपली होती बांबूची छोटी बैलगाडी, गाडीवर चहाचा डबा आणि डब्याला आगकाड्यांची अँटेना.

ती त्या रॉकेटवाल्या मुलाची धाकटी बहीण. भाऊ आता मिसरूड फुटलेला गडी झाला आहे. गाडीची चाके त्यानेच कोरून दिली होती. मी डबा पाहायला हातात घेतला, तोच आई दारातून म्हणाली, "सायेब, चहाचाच डबा होय तो. मी नाव वाचून मंगच देल्ली." आता घरातली कोणतीही डबी, कोणतीही शिशी ती आधी स्वतः पाहते, हुंगते, वरचे नाव मुलीकडून मोठ्याने वाचून घेते आणि मग खेळायला देते. तिने मला चहा दिला. पोरीच्या हातावर मी बोजारा ठेवला आणि ती गाडी ओढत पुढच्या घरी गेली.

तुमच्याही घरी सुटीच्या दिवशी एवढे करा. धुऱ्यावर आणि गोठ्याच्या वळचणीला काय काय पडले आहे ते एकदा पाहून या. विषाची बाटली वेगळी काढा. मग उरलेली अडगळ मुलांपुढे मांडा आणि तासभर त्यांच्याजवळ बसा.