आधी बाग पाहा, मग सांग

चि. छोटीस,


धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात तुझा प्रवेश पक्का झाल्याचं दादानं फोनवर सांगितलं. आवाजात आनंद मावत नव्हता, पण पाठोपाठ म्हणाला, "चार वर्षं शिकून पोरगी पुन्हा केळीतच येणार असेल, तर धुळ्याला कशाला पाठवू? केळी तर मीही शिकवीन." त्याचं म्हणणं खोटं नाही. मृगबाग कधी धरायची, कांदेबाग कधी, पील कोणतं ठेवायचं आणि कोणतं छाटायचं, हे दादा झोपेतही सांगेल. तरीही तू जायला हवंस, आणि फळबागेवर जीव लावून शिकायला हवंस, असं मला मनापासून वाटतं. का वाटतं, ते सविस्तर लिहिते.

तुझ्या पदवीवर 'कृषी' असेल. उद्यानविद्येची वेगळी पदवी पुण्यात मिळते आणि तिथं नंबर लागला नाही याची रुखरुख तुला आहे. ती सोडून दे. धुळ्याचं महाविद्यालय 1960 चं आहे आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 चं. म्हणजे विद्यापीठाच्याही आधीपासून तिथं शेती शिकवली जाते. तिथं उद्यानविद्येच्या जोडीला मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, कृषी अर्थशास्त्र असं सगळंच शिकावं लागेल, आणि यातलं काहीही बागेला परकं नाही. पुढं उद्यानविद्येतच जायचं ठरवलंस, तर पदव्युत्तर शिक्षणाला राहुरी आहेच.

आता दादाच्या प्रश्नाकडे येते. एक साधा हिशोब मांडून बघ. केळीच्या एका झाडाला 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद आणि 200 ग्रॅम पालाश, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे झाडामागे साधारण 435 ग्रॅम युरिया. दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी 4444 झाडं बसतात. त्यांना युरिया लागेल 1933 किलो, म्हणजे 45 किलोच्या जवळपास 43 गोण्या. तेच खत ठिबकमधून थोडं थोडं दिलं तर शिफारशीच्या तीन चतुर्थांश मात्रेत भागतं आणि दहा-अकरा गोण्या वाचतात. माती परीक्षणात जमिनीतलं आधीचं पालाश कळलं, तर पुढचे आकडे आणखी बदलतील. आपल्याकडे ठिबक घरोघरी पोचलं, पण हा हिशोब किती ओट्यांवर मांडला जातो? शेजाऱ्यानं चार गोण्या टाकल्या की आपण पाच टाकतो. मृदाशास्त्राच्या तासाला डोळे मिटायला लागले की या गोण्या आठव.

दुसरी गोष्ट नजरेची. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, झिमझिम चालू राहते, तेव्हा कोवळ्या बागेत कुकुंबर मोझॅक डोकं वर काढतो. कोवळ्या पानावर शिरांच्या दिशेनं फिकट पिवळे पट्टे उमटतात. मग पान आखडतं, कडा वेड्यावाकड्या होतात, आणि शेवटी पोंगा सडतो. नवख्याला ती अन्नद्रव्याची कमतरता वाटते आणि घरात झिंकची बाटली येते. पण हा विषाणू आहे, झाडाला एकदा लागला की त्यावर औषध नाही. तो पसरवतो मावा, आणि मावा तो उचलून आणतो बांधावरच्या काकडी-भोपळ्याच्या वेलांवरून, तणांवरून, बागेत घेतलेल्या मिरची-टोमॅटोवरून. रोगट झाड दिसताच मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करायचं, मावा आटोक्यात ठेवायचा, बांध स्वच्छ ठेवायचा, एवढंच हातात असतं. पहिल्या आठवड्यात पाच झाडं ओळखता आली तर बाग वाचते. "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणत राहिलं तर सगळी बाग उपटून पुन्हा लागवड करावी लागते.

खान्देशाची खरी अडचण इथंच आहे. आपला शेतकरी पान खुडतो, खिशात घालतो आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर नेऊन ठेवतो. समोरचा माणूस भला असेलही, पण त्याचं घर बाटली खपल्यावर चालतं. ज्यानं रोग ओळखायचा त्यानंच औषध विकायचं, म्हटल्यावर दोन बाटल्या जास्तीच्या येणारच. नाशिककडचे द्राक्ष बागायतदार सल्लागाराला पैसे देऊन प्लॉटवर बोलावतात, कारण वेळेवरच्या एका योग्य सल्ल्याची किंमत त्यांना कळली आहे. केळीच्या पट्ट्यालाही असं माणूस हवं, जे बागेत येईल, झाड नीट पाहील आणि ज्याला काहीही विकायचं नसेल. छोटी, तू ते माणूस व्हावंस. या पत्रात माझं मागणं तेवढंच आहे.

ही गरज इथून पुढं वाढतच जाणार. तुझ्या आजोबांच्या काळी बसराईचे कंद लावायचे आणि माल हाती यायला दीड वर्ष वाट पाहायची. नव्वदच्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशननं टिश्यू कल्चरची ग्रँड नैन आणली. ठिबक त्याआधी आलंच होतं. कंपनीचे संस्थापक भवरलाल जैन यांच्या या कामानं आपल्या गावांचं अर्थकारण पालटलं: अकरा-बारा महिन्यांत कापणी, सगळे घड एकसारखे. पण एकसारखेपणाला दुसरी बाजूही असते. यातलं प्रत्येक रोप एकाच वाणाची हुबेहूब प्रत. जो रोग एका झाडाला झेपत नाही, तो शेजारच्या बागेलाही झेपत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात मध्य अमेरिकेतल्या ग्रो मिशेल जातीच्या बागा पनामा रोगानं संपवल्या आणि व्यापारानं तिच्या जागी कॅव्हेंडिश घेतली. आपली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या सगळ्या कॅव्हेंडिशच. त्याच रोगाच्या बुरशीचा टीआर-4 हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार, उत्तर प्रदेशात आढळला आहे. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते आणि कंदाबरोबर, पाण्याबरोबर, चाकाला लागलेल्या मातीबरोबर पुढं सरकते. आपल्या केळीचे ट्रक तर उत्तरेतच जातात. म्हणून रोपं कोणत्या प्रयोगशाळेची, तिच्याकडे 2006 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रमाणीकरणाचा दाखला आहे का, रोपांची विषाणू तपासणी झाली आहे का, हे पैसे मोजण्याआधी विचारणारं कोणीतरी प्रत्येक गावात हवं.

धुळ्यात असताना केळीच्या पलीकडेही बघ. शिरपूरकडे पपई भेटेल, तर साक्री-शिंदखेड्याच्या कोरड्या रानात सीताफळ, बोर, आवळा. ही झाडं थोड्या पाण्यावर कशी तगतात, छाटणी कधी मागतात, बाजारात कुठं अडतात, हे वहीत लिहून ठेव. मे महिन्यात केळीच्या एका झाडाला दिवसाला 20 लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि सातपुड्याच्या पायथ्याला आपल्या बोअरचं पाणी खोल खोल जातं आहे. कधीतरी दादाला निम्म्या शेतात दुसरं काही लावावं लागेल. तेव्हा त्यानं कोणाला विचारायचं? शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी तुम्हा मुलींना कृषिकन्या म्हणून गावात पाठवतील. फलक लावून फोटो काढण्यापुरता तो काळ वाया घालवू नकोस. अहिराणी समजून घे, बायांबरोबर निंदणीला जा. खुरपं त्यांच्या हातात असतं, म्हणून रोगट झाड आधी त्यांनाच दिसतं, आणि चर्चासत्राला मात्र त्यांना कोणी बोलावत नाही.

नोकरीची काळजी तुला असणारच, आणि ती असावी. टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा, रोपं हार्डनिंग करणारं शेडनेट, ठिबक कंपनीत ॲग्रोनॉमिस्ट, बँकेत कृषी अधिकारी, पदव्युत्तर झालीस तर कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ, असे बरेच रस्ते आहेत. निर्यातीच्या पॅकहाउसमध्येही जाणकार लागतात. फण्या कापल्यावर चीक धुवायचा कसा, शीतगृहाचं तापमान 13 अंशांच्या खाली गेलं की पिकताना साल काळवंडते ती का, हे कळणाऱ्या माणसावर सगळा कंटेनर अवलंबून असतो. कृषी सेवेची स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर जरूर दे. तालुक्याला अधिकारी म्हणून आलीस तर मी गावभर पेढे वाटीन. पण त्या परीक्षेसाठी चार वर्षं महाविद्यालयाच्या प्रक्षेत्राकडे पाठ फिरवू नकोस. कलम बांधताना हातावर चिकाचे डाग पडू देत. अधिकारी झालीस तरी शेतकरी तुला बागेतच नेणार, आणि तिथं गुणपत्रिका कोणी मागत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा आपल्या नदीकाठच्या तुकड्यातली माती तपासायला दे आणि अहवाल आला की दादासमोर बसून वाच. तो आडवे प्रश्न विचारील, कारण तीस वर्षं त्यानं ती जमीन कसली आहे. जे ठाऊक असेल ते सांग. जे ठाऊक नसेल त्याला "पाहून सांगते" म्हण, दुसऱ्या दिवशी खरंच बागेत जाऊन पाहा, पुस्तक उघड, सरांना विचार, आणि सांग. उत्तर ठाऊक नसताना बाटली हातात देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. खात्री करून मगच बोलणारी एक जरी मुलगी आपल्या गावात असली, तर तिच्याकडे लोक स्वतःहून येतील. धुळ्याला कशाला पाठवलं, हे दादा मग पुन्हा विचारणार नाही.

तुझी,
आत्या