दोन आसनी प्रश्न

आमच्या वेळी मोटार ही निवडायची वस्तू नव्हती, नशिबात असायची वस्तू होती. ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड या तिघींपैकी एकीसाठी नाव नोंदवायचं आणि वाट पाहत बसायचं. ही वाट वर्षांच्या हिशेबात मोजली जाई. नाव नोंदवताना पाळण्यात असलेलं पोर गाडी दारात येईपर्यंत पाढे म्हणू लागे. शेवटी एकदाचा नंबर लागला की पेढे वाटायचे. गाडी चांगली की वाईट, असला चोंबडा प्रश्न कुणी विचारत नसे. लॉटरी लागलेला माणूस नोटेवरचा आकडा बघतो, कागदाचा पोत बघत नाही.

त्यामुळे माझा पुतण्या परवा पुण्याहून कासूला आला आणि ओटीवर टेकत म्हणाला, "काका, तुमचा सल्ला हवाय. टू-सीटर स्पोर्ट्स कार घेऊ की परफॉर्मन्स सेडान?" तेव्हा मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. कंपनीचे शेअर विकून पैसे आले होते, एवढंच.

वाचकांपैकी कुणी माझ्यासारखे अडाणी असतील, तर त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. स्पोर्ट्स कार म्हणजे दोनच माणसं बसवणारी, जमिनीला पोट लावून चालणारी आणि बहुधा डोक्यावरचं छप्पर उघडणारी गाडी. सेडान म्हणजे चार दारांची, मागे डिकी असलेली, दिसायला बँक मॅनेजरसारखी सभ्य गाडी. आणि परफॉर्मन्स सेडान म्हणजे हाच बँक मॅनेजर, पण शर्टाच्या आत हिंदकेसरी!

पुतण्यानं मोबाईलवर एकेक नमुना दाखवायला सुरुवात केली. २०२५ च्या जुलैत भारतात आलेली एमजीची सायबरस्टर. दोन आसनं, विजेवर चालणार, दारं कोंबड्यानं पंख उचलावेत तशी वर जाणार आणि ताकद ५१० अश्वशक्ती. दुसऱ्या बाजूला बीएमडब्ल्यूची एम ३४० आय. सहा सिलिंडर, तीन लिटरचं इंजिन, ३७४ अश्वशक्ती. दोघींची किंमत पाऊण कोटीच्या आसपास. मला एकदम दादाची फियाट आठवली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, या पुतण्याचे वडील. त्या फियाटीला १९७४ नंतर प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले. तिची अश्वशक्ती होती ४०, आणि त्या चाळीस घोड्यांनी आमची नऊ माणसं, दोन वळकट्या आणि एक फणस दादरहून कासूपर्यंत कुरकुर न करता ओढला होता. त्या हिशेबानं ५१० घोड्यांनी शंभरावर माणसं ओढायला हवीत. आणि ओढणार किती? तर दोन!

"काका, ही सेडान शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत जाते," पुतण्या म्हणाला.

मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. सरासरी धरली तर तेवढ्या वेळात गाडी साठेक मीटर जाते. म्हणजे आमच्या फाटकातून निघालेला माणूस चिंचेखाली पोचतो तेव्हा ताशी शंभरावर असतो. चिंचेखाली शेजाऱ्यांच्या कोंबड्या असतात. पुढचा हिशेब मी केला नाही.

इथे कासूची थोडी ओळख करून द्यायला हवी. नाव ऐकून लोकांना कासव आठवतं, आणि आम्हीही तो आळ फारसा नाकारत नाही. पेणहून वडखळ, गडब करत महामार्गानं खाली आलात की नागोठण्याच्या अलीकडे आम्ही लागतो. आजूबाजूला भातखाचरं. रेल्वेचं स्टेशन आहे, पॅसेंजर थांबते. कोकणकन्या रात्री आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून जाते. वेग म्हणजे काय ते आम्ही रोज पाहतो, पण दुसऱ्याचा.

दारावरून जातो तो मुंबई–गोवा महामार्ग. पूर्वी त्याचा नंबर १७ होता, आता ६६ आहे. नंबर बदलायला वेळ लागला नाही. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली, आणि पुढची दहा-बारा वर्षं आम्ही 'डायव्हर्जन' या एकाच शब्दाचा सखोल अभ्यास केला. त्या काळात इथून गेलेल्या गाडीला अश्वशक्तीपेक्षा गर्दभशक्तीची जास्त गरज होती, म्हणजे मान खाली घालून, मार खात, मुकाट चालत राहण्याची.

शिवाय गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगानं गाडी त्यावरून अलगद जाते. पण गावोगावचे गतिरोधक हे पुस्तक वाचून बांधलेले नसतात. ते आदल्या दिवशी झालेल्या अपघाताच्या रागातून बांधलेले असतात. स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली मोकळी जागा चार-पाच इंचांची. नियमातला गतिरोधकच चार इंचांचा. उरलेल्या इंचभरात पाऊण कोटी रुपये श्वास रोखून जाणार!

"मी काय रोज कासूला येणार आहे का?" पुतण्या म्हणाला. "एक्स्प्रेस वे आहे ना."

एक्स्प्रेस वेवर सपाटीला मोटारीला ताशी शंभरची मर्यादा आहे, आणि आता दंडाची पावती थेट मोबाईलवर येते. ती सेडान म्हणे अडीचशेपर्यंत जाते. तीही कंपनीनं तिथे लगाम घातला म्हणून, नाहीतर आणखी गेली असती. म्हणजे अडीचशे विकत घ्यायचे, शंभर वापरायचे आणि दीडशे कपाटात ठेवायचे. लग्नातले शालू बायका ठेवतात तसे. हे मी बोलून दाखवलं नाही, कारण आमची ही तिथेच भाजी निवडत बसली होती.

एव्हाना बातमी गावात पसरली होती. मिनीडोर चालवणारा आमचा शेजारी मुद्दाम चौकशीला आला. पेण भागात ज्यांनी मिनीडोरीतून प्रवास केला आहे त्यांना ठाऊक आहे, की त्या वाहनात किती माणसं मावतात हे गणिताचं नव्हे, माणुसकीचं प्रमेय आहे. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पाऊण कोटी देऊन दोनच शीट? त्यातलं एक ड्रायव्हर? मग शीट सुटणार कधी नि गाडी भरणार कधी?" एवढं बोलून तो सहानुभूतीनं मान हलवत गेला. धंद्यात नवीन माणूस बुडताना बघवत नाही.

खरं तर हा प्रश्न आपल्याकडे अगदीच परका नाही. १९९८ च्या सुमारास गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी उघडी मोटार बनू लागली होती. अंग फायबरग्लासचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. साठेक अश्वशक्ती, म्हणजे दादाच्या फियाटीच्या दीडपट. आणि २००४ साली स्कोडानं ऑक्टाव्हिया आर.एस. आणली, ती औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जोडली जाई. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती. भारतात मिळणाऱ्या वेगवान सेडानांचं नाव निघालं की शौकीन मंडळी आजही तिच्या आठवणीनं हळवी होतात. पण मला विचाराल तर तिचा सगळ्यात मोठा गुण डिकी, ५२८ लिटरची. दीडशे घोडे आणि भाताचं पोतं एकाच गाडीतून नेता येणं, यालाच मी संस्कृती म्हणतो. गोव्यानं दोन आसनं दिली, मराठवाड्यानं डिकी. प्रत्येक प्रांताचा स्वभाव असतो.

रात्री जेवणं झाल्यावर ओटीवर सभा भरली. आमच्या हिचा पहिला प्रश्न होता, "फणस कुठे ठेवायचा?" दुसरा प्रश्न, "पेणहून गणपती आणायचा झाला तर?" दोन आसनी गाडीत गणपती शेजारच्या सीटवर बसणार हे उघड होतं. मग पुतण्याची बायको? "ती एस.टी.नं येईल," मी म्हणालो. सूनबाई हसली, पण त्या हसण्यात मला आवाज कमी आला. ती स्वतः फर्मास गाडी चालवते. तिचा कल दोन आसनांकडे आहे असं माझ्या ध्यानात आलं. कारणं तिनं सांगितली नाहीत. पण ज्या गाडीत मागची सीटच नाही, तिच्यात 'आम्हालाही वाटेत सोडा' म्हणणारे नातेवाईकही नाहीत, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही.

पुतण्याचं मन दोन आसनांत आणि डोकं चार दारांत अडकलं होतं. तो म्हणाला, "आईसाठी तरी सेडान घ्यावी लागेल. टू-सीटरमध्ये आई कुठे बसणार?"

वहिनी इतका वेळ भिंतीला टेकून वाती वळत होत्या. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. त्यांनी वर न बघता विचारलं, "भावोजी, त्या दोन सीटांच्या गाडीला मागची सीट नसतेच ना?"

"नसते, वहिनी."

"म्हणजे जो बसेल तो पुढेच बसणार?"

"हो. दुसरी सोयच नाही."

"मग तीच घे रे," वहिनी मुलाला म्हणाल्या आणि पुढची वात घेतली.

सभा एकदम गप्प झाली. मोटारीच्या पुस्तकांत वेग असतो, वजन असतं, इंधन असतं. हा मुद्दा कुठेच नव्हता.

दादाच्या फियाटीला पुढे एक लांब सलग सीट होती आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्यामुळे पुढेच तिघं बसत. दादा चालवायला, खिडकीशी आमचे वडील, म्हणजे अण्णा, आणि दोघांच्या मध्ये हाच पुतण्या, तेव्हा चड्डीतला. मागे आई, आमची ही, मुलं, मी, आणि बरोबर मधोमध वहिनी. मांडीवर डबे, पाय मधल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना. पनवेल सोडलं की कर्नाळ्याचा सुळका दिसायला लागायचा. अंगठा वर केल्यासारखा तो सुळका दिसला की गाडीत एकच गलका होई. "तो बघा! तो बघा!" अण्णा हात जोडत. गाव जवळ आल्याची ती खूण होती.

"मी एकोणीस वर्षं त्या गाडीतून कासूला आले," वहिनी म्हणाल्या, "पण सुळका कधी पाहिला नाही. मला अण्णांची टोपी दिसायची. तुम्ही ओरडलात की मी पण म्हणायची, हो हो, दिसला."

तक्रारीचा सूर नव्हता, हेच जास्त जड होतं. पुढे फियाट गेली, अण्णा गेले, दादाही गेला. पुतण्याच्या गाड्या आल्या. त्यांत पुढे तो आणि सूनबाई. "आई, तू मागे आरामात बस," असं तो दर वेळी म्हणतो, आणि अगदी मनापासून म्हणतो. उशी देतो, पाण्याची बाटली देतो. मागची सीट आपल्या घरांत कुणी कुणाला अपमान म्हणून देत नाही. प्रेमानंच देतो. म्हणून तर ती नाकारता येत नाही.

पुढच्याच आठवड्यात आम्ही वहिनींना घेऊन एका दोन आसनी गाडीची चाचणी घ्यायला पुण्याला गेलो. बसणं झकास झालं. त्या नुसत्या खाली गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. पण उठायची वेळ आली तेव्हा वहिनींचे गुडघे आणि गाडीची उंची यांत मतभेद निघाले. एका बाजूनं मुलगा, दुसऱ्या बाजूनं मी आणि पुढून टाय लावलेले दोन तरुण. वहिनी हसून हसून बेजार. बाहेर आल्यावर पदर सावरत म्हणाल्या, "अरे, विसर्जनाला सुद्धा इतकी माणसं लागत नाहीत."

तेव्हा प्रश्न गुडघ्यांनी निकालात काढला. पुतण्यानं चार दारांची घेतली. तीन वर्षं वापरलेली, पण आतला हिंदकेसरी शाबूत. घोडे किती ते मी विचारलं नाही. मात्र व्यवहाराआधी वहिनींनी एक अट घातली होती, आणि ती लिहून घेतली नसली तरी तिच्यात पळवाट नव्हती.

गाडी आल्यावर पहिला प्रवास पनवेलचा झाला, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे. सूनबाई चालवायला. शेजारी वहिनी, पट्टा बांधून, पर्स मांडीवर घेऊन. मागे मी, औषधांची पिशवी आणि गाडीचा मालक. सेकंदात शंभराकडे झेपावणारं ते जनावर पेण सोडल्यावर ताशी तीसवर आलं, कारण पुढून हुकूम सुटला होता, "अगं हळू. दिसू दे नीट." मागचा ट्रकवाला जीव खाऊन हॉर्न वाजवत होता.

"काका, सुळका दिसतोय का तुम्हाला?" पुतण्यानं विचारलं.

मला वहिनींचा अंबाडा दिसत होता.

"हो हो," मी म्हणालो, "दिसला."