पिरमचा दिवा

पावागडावरून निघालेली विश्वामित्री वडोदऱ्यातून वळणं घेत जाते, पुढे ढाढरला मिळते आणि तिच्याबरोबर खंभातच्या आखातात उतरते. तिथल्या काळाघोड्याच्या पुलावरून तिचं गढूळ पाणी संथपणे सरकताना पाहिलं की माझं मन त्या पाण्याच्या पुढे धावतं. आखात ओलांडून पलीकडे घोघ्याच्या किनाऱ्यासमोर जातं, आणि पिरम बेटावरच्या दीपगृहापाशी थांबतं.

हे आखात म्हणजे अनेक नद्यांचं एकच विशाल मुख. साबरमती, मही, ढाढर, नर्मदा, तापी, साऱ्या इथेच येतात आणि आपापल्या मुलखाची माती इथे आणून टाकतात. त्यात आखाताचा आकार नरसाळ्यासारखा. उत्तरेकडे अरुंद आणि उथळ होत जाणारा. समुद्राचं पाणी आत शिरतं आणि जागा अपुरी पडली की उंच चढतं. भावनगरच्या बाजूला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. सकाळी जिथे गलबत तरंगत होतं, तिथे दुपारी चिखल उघडा पडतो. वाळूचे दांडे जागा बदलतात, गाळ वाटा बुजवतो. २०१७ साली घोघा-दहेज फेरीबोट सुरू झाली, तेव्हा दोन्ही काठांना केवढा आनंद झाला होता! पण दहेजच्या धक्क्यापाशी गाळ साचत राहिला, आणि २०२० मध्ये ती वाट हजिऱ्याकडे वळवावी लागली.

या पाण्याची धास्ती फार जुनी आहे. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भरूचच्या वाटेवरचे धोके तपशिलाने नोंदलेले आहेत: अरुंद खाडी, फसवा तळ, आणि गर्जना करत चढणारी भरती. तिथल्या राजाच्या चाकरीत कोळी असत. ते मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजांना उथळ पाण्यातून सांभाळून आत आणत. त्या ग्रंथातलं बायोनेस बेट म्हणजे पिरमच, असं अभ्यासक मानतात. म्हणजे दीपगृह उभं राहण्याच्या कितीतरी आधी इथे वाट दाखवण्याचं काम माणसं करत होती.

पिरमच्या खडकांत तर याहूनही जुना काळ आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या थरांत प्राचीन प्राण्यांची हाडं सापडली. जिराफाच्या कुळातल्या एका धिप्पाड प्राण्याला जीवाश्मतज्ज्ञ ह्यू फाल्कनरने १८४५ मध्ये ‘ब्रह्माथेरियम’ असं नाव दिलं. जहाजांच्या या मुलखात कधीकाळी असे प्राणी चरत होते. मग चौदाव्या शतकात मोखडाजी गोहिल हा राजपूत सरदार आला. त्याने या बेटावर ठाणं केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांकडून जकात वसूल केली. १३४७ मध्ये महंमद तुघलकाच्या फौजेशी लढताना तो पडला. शिर तुटल्यावरही त्याचं धड लढत राहिलं, असं लोककथा सांगते.

जकातीच्या त्याच बेटावर १८६० च्या दशकात दीपगृह उभं राहिलं. आपल्या खांदेरीचंही असंच झालं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावर जिथे गड बांधायला घेतला, तिथे १८६७ पासून दिवा आहे. ज्या ठिकाणाहून समुद्र अडवता येतो, तिथूनच तो उजळताही येतो. मोठी जहाजं बंदरात दिव्याचा कर भरतात हे खरं, पण तोच प्रकाश कोळ्याच्या लहान होडीवरही पडतो आणि तिच्याकडे काही मागत नाही.

घोघ्याच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहून मी हा दिवा पाहिला आहे. झोत येतो, जातो. मधला अंधार ठरलेला. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते. तांडेल मनात आकडे मोजतो, नकाशाशी पडताळतो आणि ओळखतो, हा पिरम. दिवा त्याला हात धरून नेत नाही. तो फक्त स्वतःची जागा सांगतो, रोज तीच, तशीच. वारा, ओढ, भरतीची वेळ यांचा हिशेब तांडेलानेच करायचा. दिवा मात्र सगळ्यांना एकच: आखातात दहेजला वायू घेऊन येणारी अजस्र जहाजं असतात, आणि दक्षिणेला अलंगला उधाणाची वाट पाहणारी, आयुष्याच्या शेवटी किनाऱ्यावर चढून मोडीत निघणारीही असतात.

आता उपग्रह जहाजाला त्याची जागा सांगतो, मग असे दिवे कशाला, असं कुणी विचारतं तेव्हा मला वाईट वाटतं. जिथे पाण्याचा तळसुद्धा आपली जागा सोडतो, तिथे कुणीतरी एकाने जागा न सोडणं फार मोलाचं आहे. त्याच्या भरवशावर बाकीच्यांना हलता येतं. यंत्र बंद पडलेल्या, बॅटरी संपलेल्या होडीतल्या माणसालाही मोजता येईल असा हा प्रकाश आहे. त्यासाठी तरी पिरमचा दिवा जपला पाहिजे.